जाळीचं वजन वजा

सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडून तिनं सवयीनं आधी दिवा लावला, मग पंखा, मग मान वळवून टेबलावरच्या काचेच्या पेल्याकडे बघितलं, आणि पिशवी खांद्यावरच राहिली. माल बुडाशी पडला होता. काल संध्याकाळी चिमट्यात पकडून पाण्यात लोंबती सोडलेली पट्टी तशीच लोंबत होती, पण तिच्या अंगावरचा काळा लेप सुटून खाली गेला होता. भिंतीचा पोपडा सुटावा तसा. पेल्याच्या तळाला काळे तुकडे पसरले होते, आणि वर धातूची जाळी बोडकी उभी, कुणी अंगावरचं पांघरूण ओढून नेलंय आणि हिला पत्ता नाही. बरं, लेप पडतो. गोंद कमी झाला, पडला. ओव्हनमध्ये घाई झाली, पडला. त्यात नवल नव्हतं. नवल स्क्रीनवर होतं. यंत्र रात्रभर बिचारं सांगितलेलं काम करत बसलं होतं, पट्टीत वीज भर, काढ, भर, काढ. आणि प्रत्येक फेरीची रेघ स्क्रीनवर काढत होतं. ती रेघ तशीच फुगलेली होती. पोट सुटलेल्या माणसानं आरामात आडवं व्हावं तशी. तिच्यावरचे ते नेहमीचे दोन उंचवटेसुद्धा जागच्या जागी. ती खाली वाकली, पेल्यात बघितलं. उठली, स्क्रीनकडे बघितलं. परत वाकली. माल खाली आणि वीज वर. मग वीज धरतंय कोण?

हिला तिथं सगळे काजळी म्हणायचे. नाव पडलं ते पहिल्याच महिन्यात, नाकाला कोळसा लावून ती अख्खी एक सभा बसली होती आणि कुणीही सांगितलं नव्हतं. काम तसंच होतं. लाकडाचा भुसा भट्टीत जाळून त्याचा कोळसा करायचा, साधासुधा नाही, भोकंच भोकं असलेला, भोकात भोकं, एवढी की चिमूटभर कोळशाच्या आतल्या भिंती उलगडल्या तर मैदान झाकेल. वीज त्या भिंतींना येऊन चिकटते. बॅटरी वीज पोटात गिळते, म्हणून तिला जेवायला वेळ लागतो आणि ओकायलाही. ह्यांची ती डबी, सुपरकपॅसिटर, गिळत नाही. नुसती अंगाला चिकटवून घेते, म्हणून झटक्यात घेते आणि झटक्यात देते. खोट एवढीच की फार मावत नाही. म्हणून त्या कोळशात कोबाल्टचा गंज मिसळायचा. गंजात पुष्कळ मावतं, पण तो दमतो लवकर, फुगतो, आकसतो, भुगा होतो. कोळसा टिकाऊ पण कंजूष, गंज दिलदार पण नाजूक. दोघांचं लग्न लावायचं. कोणाचं किती घ्यायचं, कोणाला आधी घालायचं, किती तापवायचं, ह्यातच तिची चार वर्षं गेली होती. मग दोघांना गोंदात कालवून धातूच्या स्पंजासारख्या जाळीवर लेपायचं, वाळवायचं, दाबायचं, पाण्यात सोडायचं. पाणी म्हणजे क्षाराचं, बोटाला लागलं तर साबणासारखं बुळबुळीत आणि मग चरचर. आणि गेल्या काही महिन्यांत ह्या लग्नाचं जमलं होतं. नुसतं जमलं नाही, हिचा माल वापरला की वाढत होता. जगात सगळं वापरलं की झिजतं, चप्पल झिजते, दात झिजतात, माणूस झिजतो. हिची पट्टी मात्र जितकी भरा-काढा तितकी जास्त धरायला लागायची. बाईंनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली ती काम करत होती त्या बाईंनी, ती चढती रेघ बघून चष्मा काढून पुसला होता. बाई कधी कौतुक करत नसत. चष्मा पुसला म्हणजे फार झालं. आणि बाई ही चढती रेघ घेऊन परवाच्या मोठ्या बैठकीला जाणार होत्या, जिथं बसलेल्या मंडळींच्या होकारावर काजळीचं पुढचं वर्ष होतं. होकार आला तर ही खोली, ही भट्टी, हे नाव. नाही आला तर पिशवी.

ती स्टुलावर बसली. हात पिशवीच्या पट्ट्यावरच. तिला भीती वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. पण भीतीच्या खालून दुसरंच काहीतरी खाजवत होतं. लहानपणी दात पडला की जीभ सारखी त्या भोकात जाते, तसं. जाळी. चार वर्षांत तिनं जाळीकडे बघितलंच नव्हतं. म्हणजे हातात रोज होती. रोज कातरीनं तिची पट्टी कापायची, धुवायची, वाळवायची, आणि मग काट्यावर ठेवून वजन घ्यायचं. लेप दिल्यावर परत वजन. दुसऱ्यातून पहिलं वजा. राहिला तो माल. मालाचाच हिशोब करायचा, जाळी आपली नुसती उभं राहायला. हे तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, जाळीचं वजन वजा कर, आणि तिनं ते इतकं वजा केलं की जाळी डोक्यातूनच वजा झाली. नुसती जाळी, अंगावर काही न लावता, पाण्यात सोडून बघावी हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. ज्याच्यावर लोक उभे राहतात त्या जमिनीला कोण विचारतं, बाई, तू काय करतेस म्हणून.

आणि जमीन म्हटल्याबरोबर तिला ताई आठवली. उगाच नाही. तिच्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर एकच ओळ होती, ती तिनं बाकीचं काहीही लिहायच्या आधी लिहून ठेवली होती: जिनं माझ्यासाठी आपलं सगळं बाजूला ठेवलं, त्या ताईला. त्यांची खोली लहान होती. आई कपडे धुण्याच्या कारखान्यात दुपारी जायची ती जेवणवेळ टळून गेल्यावर यायची. बाप नव्हता. ताईनं शाळा सोडली तेव्हा काजळी फ्रॉकमध्ये होती. संध्याकाळी टेबल एकच, दिवा एकच. ती अभ्यासाला बसायची आणि ताई भिंतीला पाठ लावून समोर बसायची. हातात भाजी नाहीतर शिवण. बोलायची नाही. भांडंसुद्धा वाजू द्यायची नाही. काजळीनं पान उलटलं की ताई कपाळाला आठी घालून ओठांवर बोट ठेवायची. किती काळजी आमच्या अभ्यासाची, काजळीला वाटायचं, आणि ती पान उलटतानासुद्धा चोरासारखी उलटायची. त्या गप्प बसण्याचं ओझं ती आजवर वागवत होती. पहिली आली तेव्हा, नोकरी सोडून परत शिकायला लागली तेव्हा, दर वेळी मनात तेच, ताई गप्प बसली म्हणून. आणि कुठं नापास होणं शक्यच नव्हतं. दुसऱ्याच्या शाळेवर शिकलेल्या माणसाला नापास व्हायची सोय नसते.

"काय गं काजळे, मेलं का कोण?" भट्टीवाला आत आला. हा तिच्याच बरोबरचा, शेजारच्या टेबलावरचा. भट्टीवर त्याचा जीव म्हणून हे नाव. भट्टीचं दार दुसऱ्या कुणी उघडलं तर त्याला ताप यायचा. तिनं पेला दाखवला. त्यानं वाकून बघितलं. "पडलं होय. गोंद खाल्लास का तू?" मग तिनं स्क्रीन दाखवली. त्यानं ती बघितली, पेला बघितला, आणि त्याच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त आतून गेलं.

"ही रेघ पडायच्या आधीची असेल," तो म्हणाला.

"वेळ बघ. आत्ताची आहे."

"मग थोडा माल चिकटून राहिला असेल कोपऱ्याकापऱ्यात."

"एवढा?"

तो दुसरं स्टूल ओढून बसला. दोघंही त्या बोडक्या पट्टीकडे बघत राहिली, शेजारी नवीन भाडेकरू आल्यावर बघतात तशी. "हे बघ," तो हळू आवाजात म्हणाला, "पट्टी फेकून दे. नवी लाव. सगळं जग हीच जाळी वापरतंय. तू एकटी शहाणी होऊन काय करणार? उद्या बाई निघाल्या."

"पण धरतंय कोण, सांग ना."

"मला काय माहीत? मी भट्टी बघतो."

"तुला खरंच जाणून घ्यायचं नाही?"

"मला पुढच्या वर्षी इथंच बसायचंय," तो म्हणाला, आणि उठून स्वतःच्या टेबलाकडे गेला. थोड्या वेळानं तिकडूनच म्हणाला, "नुसती जाळी लावून बघ की मग. बघायला काय जातंय." आणि परत, "बघायलाच जातं म्हणा."

तिनं पेला रिकामा केला नाही. तो तुकड्यांसकट बाजूला ठेवला. मग नव्या जाळीची पट्टी कापली, धुतली, वाळवली, काट्यावर ठेवली आणि हात थांबला. आता ह्यातून काय वजा करायचं? तिला हसू आलं. अंगाला काही न लावता, माहेरून पहिल्यांदा एकटीच बाहेर पडल्यासारखी ती पट्टी तिनं पाण्यात सोडली. यंत्राला सांगितलं, भर, काढ, सुरू. पहिल्या फेऱ्यांना रेघ चपटी होती, उपाशी. हुश्श वाटलं. मग त्या हुश्शचाच तिला राग आला, कारण त्यात थोडी निराशा मिसळलेली होती. तिला ग्राफाइटची पत्री आठवली, कपाटात मागे पडलेली, काळी, पातळ, कशात भाग न घेणारी. नाव ठेवायला जागा नाही आणि कौतुकालाही नाही, अशी काही माणसं असतात. तिच्यावर गंज आणि कोळशाचा तोच लेप देऊन तिनं ती ओव्हनमध्ये ठेवली, ह्या वेळी गोंद नीट मोजून. शेजारी एक पत्री कोरीच कापून ठेवली. दुपार अशीच गेली. अधूनमधून ती स्क्रीनकडे बघायची. जेवून आली तेव्हा जाळीची रेघ किंचित जाड दिसली. डोळ्यांचा खेळ असेल म्हणून तिनं चेहरा धुतला. संध्याकाळी निघताना तिथं दोन बारके उंचवटे उगवले होते. बाळाच्या हिरडीवर दातांचा पांढरेपणा दिसावा तसे. ज्या उंचवट्यांना ती चार वर्षं कोबाल्टचे म्हणत आली होती, ते.

घरी जाताना ती नेहमीच्या रस्त्यानं गेली, पण रस्ता नेहमीचा राहिला नव्हता. तिला जिथंतिथं जाळ्याच दिसायला लागल्या. पुलावरून माणसं जात होती आणि पूल कुणाच्या खिजगणतीत नव्हता. फळांच्या दुकानात फळं चमकत होती, आणि खालचं खोकं? चष्म्याच्या दुकानासमोर ती उभी राहिली. बाईंच्या नावामागे कोण होतं? बाईंचे यजमान रोज डबा घेऊन फाटकापर्यंत यायचे, फाटकाच्या आत कधी नाही. आणि तिच्या स्वतःच्या अंगावरचा हा सगळा लेप, पहिली आलेली, हुशार, चिकाटीची, तो एक दिवस सुटून बुडाशी पडला तर वर काय लोंबत राहील? ताईच ना? हे विचार दुःखाचे असायला हवेत असं तिला वाटलं, पण ते तसे नव्हते. कपाटामागे हात घालून काय लागतंय ते चाचपावं तसे होते. खोलीवर पोचून तिनं चपलाही काढल्या नाहीत आणि ताईला फोन लावला. ताई आता दुसऱ्या शहरात, तिचं इस्त्रीचं दुकान, मागे वाफेचा फूस फूस आवाज.

"बोल छोटे. जेवलीस?"

"ताई, एक विचारू? मी अभ्यासाला बसायचे तेव्हा तू काय करायचीस?"

"म्हणजे?"

"समोर बसायचीस ना, भिंतीला टेकून. इतकी वर्षं. काय करायचीस?"

वाफेचा आवाज थांबला. ताईनं इस्त्री उभी केली असणार. "हे आज कुठून काढलंस?"

"सांग ना."

"अगं," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा चोरटा झाला, "मी पलीकडचं ऐकायचे."

"पलीकडचं?"

"भिंतीपलीकडं तो घड्याळ दुरुस्तीवाला राहायचा, आठवतो? तो आणि त्याची बायको रोज संध्याकाळी भांडायचे. पण ओरडून नाही गं, हळूहळू, गोड आवाजात. तिला समुद्राकाठी राहायला जायचं होतं. तो म्हणायचा, एवढा मोसम जाऊ दे. ती म्हणायची, घड्याळं दुरुस्त करतोस आणि तुला वेळ कळत नाही. अशी बोलायची बघ. मला तर जेवण नसलं तरी चालायचं, पण ते चुकलेलं चालायचं नाही. आणि तू नेमकं मोक्याच्या वेळी पान उलटायचीस. फर्रकन. एक अख्खं वाक्य बुडायचं माझं."

काजळी दाराला टेकली. "मला वाटायचं तू माझ्यासाठी गप्प बसतेस."

"तुझ्यासाठी? तुझ्यासाठी गप्प बसायला तू काय झोपलेलं बाळ होतीस?" ताई हसायला लागली. तिचं हसणं सुरू झालं की आवरत नसे.

"आणि शाळा? शाळा माझ्यासाठी सोडलीस ना?"

"शाळा सोडली ती गणितापायी. मास्तर फळ्याकडे बोलावणार म्हटलं की माझ्या पोटात कळ यायची. आईला काय सांगू? म्हटलं, छोटीला कोण बघणार. आईला पटलं, मलाही पटलं." मग जरा थांबून, "तुला दूध मीच द्यायचे. वेण्या मी घालायचे. उवा मी काढल्यात तुझ्या. ते खोटं नाही हं. सगळंच काढून घेऊ नकोस माझं."

"नाही गं."

"रडतेयस का?"

"नाही." आणि खरंच रडत नव्हती. तिला काय होत होतं ते तिलाच कळत नव्हतं. इतकी वर्षं पाठीवर वागवलेलं पोतं सोडून बघावं तर आत दुसऱ्याच कुणाचं सामान. "मग गेले का ते? समुद्राकाठी?"

"तेच तर," ताई उसासा टाकून म्हणाली. "तुझी शेवटची परीक्षा आली आणि तू मोठमोठ्यानं पाठ करायला लागलीस. महिनाभर मला काही ऐकू आलं नाही. मग बघते तर खोली रिकामी. दोघं गेले, का ती एकटी गेली, का तो दुसरीकडे गेला, काही पत्ता नाही. माझा शेवट बुडाला तो बुडालाच. त्याबद्दल मात्र तुझ्यावर राग आहे माझा, खरं सांगते."

सकाळी ती लवकर गेली. नुसत्या जाळीची रेघ रात्रभरात फुगली होती. पूर्ण तिच्या मालाइतकी नाही, पण अर्ध्याच्या वर, आणि दर फेरीला वाढती. वापरला की वाढतो तो माल नव्हताच. जाळीच होती, क्षाराच्या पाण्यात राहून राहून अंगावर स्वतःचाच गंज चढवून घेत होती, गुपचूप, आपल्या नादात. कुणासाठी म्हणून नाही. वरचा लेप आयत्या बिळावर नागोबा. तिला फसल्यासारखं वाटलं नाही. काल संध्याकाळच्या ताईच्या हसण्यासारखं काहीतरी वाटलं. भट्टीवाल्यानं येऊन मागे उभं राहून बघितलं, तिच्या कपात आपल्यातला अर्धा चहा ओतला आणि गेला.

बाई प्रवासाच्या तयारीत होत्या. तिनं त्यांच्यासमोर दोन्ही रेघा ठेवल्या, मालाची आणि नुसत्या जाळीची, आणि सरळ सांगितलं. बाईंनी चष्मा काढला नाही. बाहेर कुणीतरी टेबल ओढत नेत होतं, त्याचा आवाज लांब जाईपर्यंत रेघा बघितल्या.

"नुसती जाळी आपण आधी कधीच लावली नव्हती?"

"नाही, बाई."

"मीपण नाही," बाई म्हणाल्या. "मला ज्यांनी शिकवलं, त्यांनीपण नाही. वजन वजा करा म्हणायचे." त्यांनी बॅगेतून बैठकीचे कागद काढले, त्यातली चढती रेघ काढून टेबलावर पालथी ठेवली. "हे मी तिथं दाखवू शकत नाही."

"हो."

"काय दाखवणार ते मला अजून माहीत नाही. आणि तुझ्या वर्षाचं मी बघते, असं म्हणणार नाही. माझ्या हातात नाही ते."

"हो, बाई."

"घाबरलीयस?"

"आहे थोडी." मग तिला राहवलं नाही. "पण बाई, जाळी हे करते, मग आपला कोळसा आणि गंज नक्की करतात काय?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग चष्मा काढला आणि पदरानं, नीट, दोन्ही काचा पुसल्या. "गाडीला वेळ आहे," त्या म्हणाल्या. "काही वाळवून ठेवलंयस का?"

दोघी टेबलाकडे आल्या. आधी कोरी पत्री सोडली. रेघ जमिनीवर झोपलेली, काही करत नाही, काही मागत नाही. चांगलं. मग लेपाची पत्री ओव्हनमधून काढून चिमट्यात धरली. बाईंनी बोट लावून लेप चाचपला, बोट काळं झालं, तेच बोट त्यांनी नाकाला लावलं आणि काजळीनं सांगितलं नाही. पट्टी पाण्यात गेली. यंत्र सुरू झालं. ठिपका स्क्रीनवर सरपटायला लागला, अगदी सावकाश, कारण सावकाशच ठेवलं होतं तिनं. उंचवटे येतील का, कुठं येतील, आले तर केवढे, त्यातला कोळशाचा वाटा किती आणि गंजाचा किती, का काहीच नाही, ह्यातलं काहीही तिला ठाऊक नव्हतं, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच तिला ठाऊक नव्हतं. बाई काहीतरी विचारायला तोंड उघडणार तेवढ्यात काजळीनं कपाळाला आठी घातली आणि ओठांवर बोट ठेवलं. वाक्य बुडेल म्हणून. बाई गप्प झाल्या. ठिपका थोडा वर उचलला.